तीन, सहा, दहा, तेरा

पेन्सिलीचं टोक कागदावरून खाली खाली सरकत होतं. तिसऱ्या ओळीपाशी ते थांबलं. मग सहाव्या. मग बरंच खाली उतरून दहाव्या, आणि शेवटी तेराव्या. ट्रॅव्हलवालीनं गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा नाकावर चढवला, कागद हातभर लांब धरला आणि म्हणाली, "तीन, सहा, दहा, तेरा. हे चार दिवस लिहायचे राहिलेत की हो, ताई."

"राहिलेत?"

"हे काय. तिसरा दिवस कोरा. सहावा कोरा. मुक्काम कुठे ते आहे, पण दिवसभर करणार काय?"

टेबलाच्या अलीकडे बसलेल्या तिनं कागद आपल्याकडे वळवून घेतला. चौदा दिवस, चौदा ओळी. बंदराच्या शहरात उतरायचं, तिथून आगगाडीनं पुलांच्या शहरी, तिथून टेकडीवरच्या शहरी. कुठली गाडी, किती वाजता, बदली कुठे, हातात किती मिनिटं, सगळं तिच्याच अक्षरात. तीन आठवडे ती हा कागद रोज काढून वाचत होती. आणि वाचणं हा तर तिचा धंदा. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला एक पातळ कागद असतो, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात दुष्परिणाम छापलेला. तो छापायला जाण्याआधी शेवटचा वाचायचं काम ती सोळा वर्षं करत होती. दशांशाचा ठिपका एक घर सरकला तर माणूस जातो, असं साहेबीणबाई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत. तिच्या नजरेतून ठिपका कधी निसटला नव्हता. आणि इथे चार अख्खे दिवस निसटले होते.

"बाकी आखणी मात्र शहाणी आहे हं," ट्रॅव्हलवाली म्हणाली. "नाहीतर लोक माझ्याकडे येतात ते बारा दिवसांत सात देश मागतात. दात एका देशात घासायचे, चूळ दुसऱ्यात भरायची. तुमचं तसं नाही. तीनच शहरं. गाडी बदलायला तास-तास हातात. दर दोन तासांनी बसायला जागा. एखाद्या मुरलेल्या माणसानं करून दिल्यासारखं वाटतं. कुणी केलं?"

"मीच."

"पहिल्यांदाच चाललाय ना पण?"

"पहिल्यांदाच. मी आणि आई. तुम्ही जाऊन आला असाल सगळीकडे."

"मी? मी कुठली जातेय. मला विमान लागतं, बोट लागते, बससुद्धा लागते. मी आपली इथे बसून जगाला पाठवते." तिनं पेन्सिल कानामागे खोचली. "पण कोरा दिवस तिकडे चालत नाही, ताई. व्हिसाच्या कचेरीत रोजच्या रोजचं लागतं. बाग लिहा, संग्रहालय लिहा, काहीही लिहा. माणूस एवढा खर्च करून परदेशात जाईल आणि दिवसभर नुसता बसेल, यावर त्यांचा विश्वासच नाही. सांगा, मी लगेच टाइप करते."

तिनं तोंड उघडलं. बाग हा काही अवघड शब्द नव्हता. तो आला नाही. टेबलावर तिच्यासाठी पाण्याचा पेला ठेवला होता. त्यातले दोन घोट घेऊन तिनं तो सवयीनं खाली ठेवला आणि उरलेलं पाणी किती, ते डोळ्यानं मोजलं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"पाचला मी कुलूप लावते बरं का. उद्या सकाळी नऊची वेळ आहे तुमची तिकडे. ती हुकली तर पुढची दीड महिन्यानं, आणि तोवर विमान गेलेलं असेल तुम्हाला टाटा करून."

रस्त्यावर दुपारचा दीड वाजला होता. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि त्याच्या सावलीत एक माणूस खुर्चीवर बसून झोपला होता. बसथांब्याच्या बाकावर तिनं कागद मांडीवर पसरला आणि पर्समधल्या पेनानं प्रत्येक तारखेपुढे वार लिहायला सुरुवात केली. पहिला दिवस शनिवार. मग रविवार. तिसऱ्या ओळीपुढे सोमवार लिहिताना तिला काही वाटलं नाही. सहाव्यापुढे गुरुवार लिहिला तेव्हा पेन कागदावरच राहिलं आणि शाईचा एक ठिपका तिथे मोठा मोठा होत गेला. पुढचे वार लिहायची गरज नव्हती, तरी तिनं ते लिहिले, कारण अर्धवट तपासलेला कागद हातावेगळा करायचा नाही हा तिचा नियम होता. दहा, सोमवार. तेरा, गुरुवार. आणि आज कोणता वार? आजही गुरुवारच. गुरुवारी तिला कचेरीतून बाराला सुट्टी असे. सोमवारी तसंच. तीन वर्षांपूर्वी साहेबीणबाईंनी ती तोंडी दिली होती, आणि आता बाबांना जाऊन आठ महिने झाले तरी ती परत घ्यायचा धीर त्यांना झाला नव्हता, आणि परत करायचं हिच्या डोक्यात आलं नव्हतं. सोमवारी, गुरुवारी बारा वाजले की तिचे पाय आपोआप टेबलाखालून निघत. मग ती रस्त्यांवरून हिंडे, दुकानांच्या काचा बघे, एखाद्या वाचनालयात जाऊन काहीतरी उघडून बसे, आणि साडेचारला घरी जाई. साडेचारला, कारण बाबांना यंत्रावरून काढून, हातावर कापसाचा बोळा दाबून, पट्टी बांधून, घरी आणेपर्यंत तेवढेच वाजत.

बस आली तशी ती चढली. बसायला जागा होती पण बसवेना. उभी राहून तिनं खांब धरला आणि इंजिनाची थरथर तळव्यातून कोपरापर्यंत चढली. तिनं हात काढून घेतला. मग पुन्हा धरला. बाबांच्या डाव्या हाताला मनगटाच्या वर अशीच थरथर असे. डायलिसिससाठी तिथली एक शीर आणि एक रोहिणी जोडून दिलेली होती आणि कातडीखाली रक्त भिरभिरत जाई. रोज सकाळी तिथे दोन बोटं ठेवून ती चालू आहे ना हे बघायचं, एवढं एक काम डॉक्टरांनी घरच्यांवर सोपवलं होतं. ते तिनं घेतलं. दात घासून झाले की ती त्यांच्या खोलीत जाई, ते न बोलता हात पुढे करत, आणि म्हणत, "मोटर चालू आहे बघ." लिफ्टचे मेकॅनिक होते ते. बत्तीस वर्षं शहरातल्या इमारतींच्या पोटात, अंधाऱ्या खड्ड्यांत आणि गच्चीवरच्या तेलकट खोल्यांत त्यांनी दिवस काढले होते. थरथरीवरून त्यांना दोष कळे. कुणाच्या घरी गेले तरी आधी लिफ्टच्या भिंतीला तळवा लावत आणि "हिचा पट्टा जायला आलाय" असं भाकीत करूनच बेल वाजवत. पाहुणचार नंतर. लोकांना ते शुभ बोलणं वाटत नसे. आई म्हणे, "यांना जेवायला बोलवा, आणि मग जिन्यानं जा."

"आयुष्यभर वरखाली केलं," ते म्हणत. "आता जरा आडवं जायचंय."

आडवं जाण्याचा बेत त्या खुर्चीवरच सुरू झाला होता. चार नंबरची खुर्ची, खिडकीलगतची. चार तास. एका हाताला सुया, दुसरा मोकळा. पहिल्या महिन्यात ते छताकडे बघत बसले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी तिला एक जुनी डायरी आणायला लावली आणि म्हणाले, लिही. तळ्यांचा देश, बर्फाचा डोंगर, आणि त्या डोंगरावर तारेवरून तिरकी चढत जाणारी पाळणागाडी. ती त्यांना आतून बघायची होती, मोटरच्या बाजूनं. हसण्यावारी सुरू झालेलं ते, पण बाबांना वरवरचं काम माहीत नव्हतं. परदेशातही पाहुण्या रोग्यांना यंत्र मिळतं, हे त्यांनी शोधायला लावलं. तिनं पत्रं लिहिली, उत्तरं आली. मग सोमवार आणि गुरुवार सोडून बाकीचे दिवस धरायचे, त्या दिवशी प्रवास नाही, दुसऱ्या दिवशी चढ नाही, मुक्काम रुग्णालयापासून चालत दहा मिनिटांच्या आत, आणि लिफ्ट हवीच. "लिफ्ट असून भागत नाही," ते म्हणत, "किती जुनी ते विचार." शेजारच्या पाच नंबरच्या खुर्चीवरचे निवृत्त हेडमास्तर एकदा डोळे मिटूनच म्हणाले, "अहो, तुम्ही जाणार कधी?" बाबा म्हणाले, "आत्ता गेलोच आहोत की. तुम्हीच मागे राहिलात." ती हसली होती. तीन वर्षांत त्यांनी त्या डायरीत चार वेळा जाऊन यावं इतके दिवस आखले.

ती डायरी तिनं उघडली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली ती तिथेच होती. आईला कुठेतरी घेऊन जायचं ठरवलं तेव्हा तिनं मुद्दाम दुसरी दिशा धरली. तळी नकोत, बर्फ नको, तारेवर लटकणारं काहीही नको. समुद्र, पूल, सपाट रस्ते; टेकडीवरचं शहरसुद्धा माथ्यावर सपाट. पुलांचं शहर आईनं सुचवलं होतं, भाजी निवडता निवडता, "तिथे जाता आलं तर बघ"; एवढंच, आणि हिनं का ते विचारलं नव्हतं. बाकी सगळं तिचं तिनं, कोऱ्या कागदावर, पहिल्यापासून. तिला वाटलं होतं हा बेत आपला आहे. यात कुणाची सावली नाही. बसमध्ये उभ्या उभ्या तिनं फोनवर नकाशा उघडला आणि बंदराच्या शहरातलं हॉटेल शोधलं. तीन आठवड्यांपूर्वी ते निवडताना तिनं खोलीचे फोटो पाहिले होते, लोकांची मतं वाचली होती, आणि आपण ते का निवडलं याचं उत्तर तिच्याकडे तयार होतं: खिडकीतून समुद्र दिसतो. आता तिनं नकाशा बोटांनी मोठा केला. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एक छोटा लाल चौकोन आणि त्यात पांढरा क्रॉस, रुग्णालयाची खूण. चालत सहा मिनिटं. तिनं पुलांच्या शहरातलं हॉटेल काढलं. चालत चार मिनिटं. टेकडीवरच्या शहरातलं शोधायच्या आधी तिनं फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली, आणि तिसऱ्याच थांब्यावर विनाकारण उतरली.

मग ती चालत राहिली. कुठल्याशा नव्या इमारतीसमोरून, खोदलेल्या पदपथावरच्या फळीवरून, चष्म्याच्या दुकानावरून. तिला रडू येत नव्हतं. तो पहिल्या आठवड्यातला प्रकार होता आणि तो तिनं नीट आटोपला होता. हे वेगळं होतं. अंगात कुणीतरी दुसरंच राहतंय आणि आपण झोपलो की उठून आपल्या कागदांवर लिहितंय, तसं. सपाट रस्ते तिनं आईसाठी घेतले असं तिला वाटलं होतं, पण आई तर अजून तीन मजले धापा न टाकता चढत होती. दर दोन तासांनी बसायला जागा कुणासाठी? पुलांच्या शहराच्या वाटेवर एका स्टेशनावर गाडी बदलायला दोन तास वीस मिनिटं ठेवली होती, फलाट बदलायला लिफ्ट आहे हेही तिनं कंसात लिहिलं होतं. ट्रॅव्हलवालीला ज्याच्यात मुरलेला माणूस दिसला तो कोण होता ते आता दिसत होतं. चौदा दिवस तो दोघींच्या मध्ये बसून येणार होता, एक मोजा घातलेला आणि एक हातात.

बाबांच्या शेवटच्या सोमवारची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हती. सव्वाअकरा वाजले होते. त्या दिवशी तिनं पूर्ण रजा घेतली होती. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. उजव्या पायात मोजा, डावा मोजा हातात. खिडकीतून ऊन त्यांच्या गुडघ्यावर आलं होतं आणि ते त्या उन्हाकडे बघत होते. म्हणाले, "आज नको जायला."

"का? बरं नाही वाटत?"

"छान वाटतंय. म्हणून तर नको."

"असं चालत नाही, बाबा."

"एक दिवस."

"बाबा, गाडी खाली थांबलीय."

आणि ती खाली बसली, त्यांच्या हातातून मोजा घेतला आणि त्यांच्या पायात चढवला, लहान मुलाला घालतात तसा, टाचेवरची सुरकुती नीट करून. त्यांनी पाय तेवढा पुढे केला. चार नंबरच्या खुर्चीवर त्यांनी डायरी मागितली नाही. मंगळवारी दुपारी ती एका गोळीच्या कागदावरचा "क्वचित" हा शब्द तीन जागी सारखा आहे ना ते पाहत असताना आईचा फोन आला. डॉक्टर नंतर म्हणाले, हृदय थकलं होतं, सोमवारी काय केलं न केलं यानं फरक पडला नसता. ते तिनं ऐकलं आणि तिला ते पटलं. नेमकं तेच तिला सलत राहिलं. फरक पडणार नव्हता, तर ऊन गुडघ्यावर राहू द्यायला काय हरकत होती.

पावणेतीनला ती घरी पोचली. जिना चढताना तिनं वाक्य तयार केलं: आई, हे रद्द करूया, पुढच्या वर्षी बघू. दार उघडंच होतं. आई जमिनीवर बसून सुटकेसच्या चाकांना तेल घालत होती.

"लवकर आलीस? आज गुरुवार ना?" आई म्हणाली आणि आपल्याच बोलण्यावर थबकली. मग चाक फिरवून बघत, "किर्र वाजत होतं. परक्या देशात लोक वळून बघतील. म्हणतील बैलगाडी आली."

तिच्या शेजारी ती बाटली होती. काचेची, लिटरभराची, अंगावर नेलपॉलिशच्या लाल रेघा काढलेली: सकाळ, दुपार, संध्याकाळ. बाबांना दिवसभरात तेवढंच पाणी परवानगीचं होतं आणि आई त्यांच्यासमोर जास्त पीत नसे. पुढे पुढे तीही त्याच मापानं पिऊ लागली, आणि मग ही. आज दुपारच्या रेघेपर्यंत पाणी उतरलेलं होतं, बरोबर रेघेपर्यंत.

"तू अजून यातूनच पितेस?"

"मग कशातून पिऊ? सवय झालीय. तहानही तेवढीच लागते." आईनं हात पुसले. "काय झालं? तोंड का असं? तिकिटाचं काही?"

तयार केलेलं वाक्य बाहेर आलं नाही. तिनं कागद आईपुढे ठेवला. आईनं तो उचलला, वाचला. आईचं वाचन सावकाश आणि पक्कं होतं, सत्तावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आकडे वाचून झालेलं. तारखांपुढे नव्यानं लिहिलेले वार तिनं बोटानं मोजले. शाईच्या मोठ्या ठिपक्यापाशी बोट जरा थांबलं.

"मला दिसलंच नाही गं, आई. मी आत्तापर्यंत शंभर वेळा वाचला असेल."

"मलाही कुठे दिसलं. तू परवा दाखवलास तेव्हा मी म्हटलं, चला, मधे मधे उसंत आहे." आईनं कागद मांडीवर सपाट केला. "मी काल तुझ्या पिशवीत कापसाचं बंडल भरलंय. आत्ता लक्षात आलं. कापूस कशाला लागणार होता आपल्याला?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग आईला हसू आलं, नाकातून निघालेलं, आवरता न येणारं, आणि तिलाही आलं. ते लवकर थांबलं.

"रद्द करूया का?" तिनं विचारलं.

"का?"

"आपण फिरायला नाही चाललोय. आपण त्यांना घेऊन डायलिसिसला चाललोय. नव्या गावात."

"मग जाऊ," आई म्हणाली. "इथे तरी दुसरं काय करतो? तू गुरुवारी रस्ते मोजत हिंडतेस, मला का माहीत नाही? खालची शिंपीण सांगते मला. आज बाजाराकडे दिसली, आज वाचनालयाकडे. मी म्हटलं, हिंडू दे."

आई उठली, बाटली ओट्यावर नेऊन ठेवली आणि तिकडे तोंड करूनच बोलली.

"त्या सोमवारी मी ऐकलं होतं. आज नको जायला म्हणाले ते. मी इथेच उभी होते, बाटली भरत होते. मला वाटलं, मी बाहेर येऊन म्हणावं, राहू दे आजच्या दिवस. पण रेघेपर्यंत पाणी नीट येतंय का तेच बघत बसले. आणि मग तुम्ही निघालात."

तिनं खाली बसून सुटकेसचं एक चाक बोटानं फिरवलं. ते हळूहळू फिरत राहिलं, आवाज न करता.

"तू एकटी नव्हतीस त्यांना धाडायला," आई म्हणाली. "दोघी होतो."

तिनं फिरतं चाक बोटानं थांबवलं. आईनंच मग इकडे तोंड वळवलं आणि कोरड्या, एक्स्चेंजच्या आवाजात विचारलं, "चार दिवस भरायचेत ना? त्या सहाव्या दिवशी आपण पुलांच्या गावात आहोत. मला तिथली टेलिफोनची इमारत बघायचीय."

"टेलिफोनची?"

"तिथली लाइन माझ्याकडे असायची. दुपारची पाळी. तिकडे एक बाई होती, बसक्या आवाजाची, आधी खोकायची मग हॅलो म्हणायची. अकरा वर्षं. एकदा लाइन जोडली आणि इकडचा माणूस येईना, तर दोन मिनिटं आम्ही दोघीच तारेवर. काय बोलायचं? ती म्हणाली, माझ्या खिडकीबाहेर नदी आहे, नदीवर धुकं आहे. मी म्हटलं, माझ्या खिडकीबाहेर भिंत आहे. ती खो खो हसली, खोकली, आणि तेवढ्यात तो माणूस आला." आईनं पदराचं टोक सारखं केलं. "ती इमारत आता नसेलही. नसली तर तिच्या जागेसमोर उभं राहू. नदी तर असेल."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तुम्ही दोघं डायरी काढून बसायचात. तिथे मला खुर्ची कुठे होती?"

हे आईनं टोचून म्हटलं नाही. वस्तू जागेवर ठेवावी तसं म्हटलं. तरी ते लागायचं तिथे लागलं. तीन वर्षांत किती लिफ्टांचं वय विचारलं होतं. हे एवढं एक विचारलं नव्हतं.

"तिसऱ्या दिवशी बोट," आई पुढे म्हणाली. "बंदराच्या गावात जाऊन बोटीत नाही बसायचं तर काय. तेराव्या दिवशी खरेदी. शिंपिणीला काहीतरी आणायला हवं, एवढी पाळत ठेवते बिचारी."

"आणि दहावा?"

आईनं कागद पाहिला. दहा, सोमवार, टेकडीवरचं शहर.

"तो राहू दे तसाच."

"रिकामा चालत नाही, आई. तिकडे रोजचं लागतं."

"मग लिही काहीतरी खोटं. त्यांना काय कळतंय आपण कुठे बसलो होतो ते." आणि जरा थांबून, "खिडकीत ऊन येतं का तेवढं बघ त्या हॉटेलात."

सव्वाचारला दोघी ट्रॅव्हलवालीसमोर होत्या. ट्रॅव्हलवालीनं आईला बघून दुसरी खुर्ची ओढली, दोन पेले पाणी ठेवलं आणि कानामागची पेन्सिल काढली. "या काकू. मी म्हटलं, ताईंनी बेत फिरवला की काय. बोला. तीन?"

"बोट."

"सहा?"

"टेलिफोन एक्स्चेंजची जुनी इमारत," आई म्हणाली.

"ती बघायला कोण जातं?"

"मी."

ट्रॅव्हलवालीनं चष्म्यावरून आईकडे बघितलं आणि मुकाट्यानं टाइप केलं. "ऐतिहासिक वास्तू म्हणून घालते. दहा?"

आई टेबलावरचा दिनदर्शिकेचा कागद वाचू लागली. फार लक्ष देऊन.

"शहर दर्शन," आईऐवजी तीच म्हणाली.

"असं मोघम नको. काय काय बघणार?"

"सकाळी नऊला निघायचं. पायी. जुना बाजार, मग किल्ल्याची भिंत, मग वरच्या चौकातलं घड्याळ." शब्द एकामागून एक येत होते, सोपे, गुळगुळीत, आयुष्यात इतकं सलग खोटं ती कधी बोलली नव्हती. "दुपारी एकला परत. नंतर संग्रहालय."

"सोमवारी संग्रहालयं बंद असतात बहुतेक."

"मग बाग."

"वा. भरगच्च झाला की दिवस." ट्रॅव्हलवालीची बोटं टकटकली. "तेरा?"

"खरेदी," आई म्हणाली. हा शब्द तिनं जरा मोठ्यानं म्हटला.

छापलेला कागद यंत्रातून गरम गरम बाहेर आला. ट्रॅव्हलवालीनं तो तिच्याकडे सरकवला. एकदा नजर घाला, काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, मग सही. तिनं पेन हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे टोक पहिल्या ओळीखाली ठेवून वाचायला लागली. तारखा, वेळा, गाड्यांचे आकडे. चौथ्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त होता, तो तिनं खोडला. आठव्या ओळीत हॉटेलच्या नावातलं एक अक्षर गेलं होतं, ते घातलं. शेजारी आईनं पेला उचलला, तळापर्यंत रिकामा केला, आणि ट्रॅव्हलवालीला म्हणाली, "अजून मिळेल का हो?"

पेनाचं टोक दहाव्या ओळीवर आलं. सकाळी नऊ ते दुपारी एक, पायी, जुना बाजार, किल्ल्याची भिंत, चौकातलं घड्याळ. बरोबर चार तास भरले होते. एकही शब्द खरा नव्हता. ती ओळ तिनं दोनदा वाचली, होती तशी राहू दिली, आणि खाली सही केली.